पऱ्यापलीकडचा गोठा

दत्तू,

तुझी शोकसभा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. बोलावलं कुणी नव्हतं. पण देवळासमोर बांधलेल्या दोन कर्ण्यांपैकी एकाचं तोंड मधल्या ओढ्याकडे, पऱ्याकडे, म्हणजे थेट आमच्या पडवीकडे होतं. बांधणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. आमच्या घराशी कुणी बोलायचं नाही असं गावानं ठरवल्यापासून गाव आमच्याशी एवढा वेळ पहिल्यांदाच बोललं, आणि तेही तू मेल्यावर. मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसले.

आधी गावकीचा म्होरक्या बुधाजी गावकार उठला. खाकरला. म्हणाला, "दत्ताराम इंजिनेर म्हंजे आपल्या गावाचा दागिना व्हता. येवडी वर्सं सुरुंग लावलान, पन देवळाचं एक कौल हाललं नाय. एक कौल!" त्यावर कुणीतरी टाळी वाजवली आणि शोकसभा आहे हे आठवून मधेच थांबवली. मग तुझ्या कंपनीचे मुंबईचे मॅनेजर बोलले. रत्नागिरीच्या बँकांतसुद्धा कॉम्प्युटर नव्हता तेव्हा दत्ताराम यांनी तो या खेड्यात आणला, गावाला एकविसाव्या शतकात नेलं, आणि अखेरच्या क्षणीही त्यांचे हात कीबोर्डवर होते. पुढे म्हणाले, आम्हाला वाटलं साहेब हिशेब करताहेत. बाहेर चपला तशाच होत्या, दार लावलेलं होतं, आत थंड हवेचं मशीन चालू होतं, आणि दुपार टळेपर्यंत कुणी हाक मारली नाही.

मग दोन मिनिटं शांतता. कर्णा नुसता गुणगुणत होता. त्या शांततेत आमची म्हैस, चांदी, गोठ्यातून जोरात रेकली. सगळ्या सभेत तुझ्यासाठी मनापासून ओरडलेली तेवढी एकच.

सगळे तुझ्याबद्दल बोलले. तुझ्याशी कुणी बोललं नाही. ते मी करते, आणि सरळ करते. मधे म्हैस न घालता. लहानपणापासून मी तुला 'मेल्या' अशीच हाक मारायची, मोठ्या बहिणीचा तो हक्कच होता. आता ती हाक तोंडातून निघत नाही, म्हणून नुसतं दत्तू.

काय झालं ते तुला माहीत आहे. तरी पहिल्यापासून सांगते, कारण तुझ्या तोंडून मी ते कधीच धड ऐकलं नाही. तुझ्या भावोजींनी आपल्या आंब्याच्या कलमांच्या बागेतून पालखीला नवा रस्ता द्यायला नकार दिला. गावकीनं कुंपण मोडलं. हे कोर्टात गेले. एवढाच आमचा गुन्हा. गावाला कोर्टात कसं खेचलं म्हणून देवळात बैठक बसली आणि आमचं घर वाळीत टाकलं. शिमग्यात पालखी आमच्या दारात यायची बंद झाली. गावच्या विहिरीवर आमची कळशी चालेना. आणि आमच्याशी जो बोलेल, त्याच्या घरालाही तेच भोगावं लागेल, असं ठरलं. त्या बैठकीला तूही होतास. मागच्या रांगेत खांबाला टेकून बसला होतास असं नंतर कळलं. खांबाला टेकून बसायची तुझी सवय शाळेपासूनची.

माझं माहेर आणि सासर एकाच गावात. माहेर देवळाजवळ खालच्या वाडीत, सासर वर सड्याच्या, उघड्या कातळपठाराच्या कडेला, एकटं घर. मधे पऱ्या. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहणारा आणि शिमग्यानंतर नुसते दगड उरणारा. लग्नात मला रडू आलं नाही म्हणून आई चिडली होती, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, अगं इथून हाक मारली तरी येईन. आता हाकच मारायची बंदी आली.

बैठकीनंतर काही दिवसांतच तू तुझी म्हैस, गंगी, घेऊन पऱ्याच्या काठी आलास. मी ह्या बाजूला चांदीला धूत होते. मी हाक मारणार, तेवढ्यात तू माझ्याकडे पाठ केलीस आणि गंगीला म्हणालास, "गंगे, आयेचा दमा वाढलाय गो. काल डाक्टरनं इंजेक्शान दिलान."

मला वाटलं तुझं डोकं फिरलं. मग लक्षात आलं. मी चांदीच्या पाठीवर पाणी ओतत म्हटलं, "चांदे, आयेला म्हणावं आल्याचा रस मधातून घे. आणि रात्री भात नको."

तुझी पाठच दिसत होती मला, पण हसताना तुझे खांदे हलतात ते मी ओळखते.

म्हशीशी बोलायला गावकीची बंदी नव्हती. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं ते. मग काय, जवळजवळ रोजचंच झालं. मी पावस गावच्या शाळेत शिकवून एसटीनं परत यायची, चांदीला सोडून पऱ्यावर न्यायची, आणि तू तिकडून यायचास. तुझ्या शालनला दिवस गेले ते मला गंगीकडून कळलं. मुलगी झाली तेही. मी चांदीला बाळंतपणाचे डिंकाचे लाडू कसे करायचे ते दोन संध्याकाळी सांगत होते, आणि तू गंगीला म्हणत होतास, खोबरं किती ते परत सांगायला सांग. एकदा बुधाजी गावकार येऊन तुझ्या मागे उभा राहिला. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. गंगीच्या सडाला झालेल्या जखमेबद्दल बोलत राहिलास. हळद लावू की नको, हळद लावू की नको. बुधाजी कंटाळून निघून गेला. तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता! माझा भाऊ किती हुशार, असं मी त्या रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, हुशार आहे खरा, पण तुझ्याकडे तोंड करून एकदा तरी बोलला का? मी ह्यांच्यावरच चिडले.

आई गेली त्या सकाळी गंगीचं दूध काढायचं राहिलं होतं. ती यायला तयार नव्हती. तू तिला दाव्यानं ओढत, शिव्या घालत पऱ्यावर आणलीस. "गंगे, आये गेली," एवढंच म्हणालास आणि तिच्या पाठीवर डोकं टेकलंस. मी ह्या काठावर, तू त्या काठावर. मधे गुडघाभर पाणी. तेवढ्यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे, आणि हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगण्यासारखं फार काही उरणार नाही. त्या दिवशी कुणीही मला सांगायला आलं नव्हतं. तू आलास. ओढत का होईना, म्हैस घेऊन आलास.

मग खाण आली.

नव्या जेटीला समुद्रात टाकायला मोठमोठे काळे दगड पाहिजे होते, आणि आपल्या डोंगरात तांबड्या जांभ्याच्या खाली तो काळा दगड हवा तेवढा होता. तू आधी हातखंब्याकडच्या खडीच्या कामावर सुरुंगांचं बघायचास. कंपनीनं तुला इथे आणलं आणि तुझ्यासाठी तो कॉम्प्युटर आणला. गाव विरोधात होतं. देवळाला तडे जातील, घरं हलतील. तू म्हणालास, मशीन हिशेब करेल. कुठल्या भोकात किती दारू, कुठलं भोक आधी आणि कुठलं नंतर, सगळं मशीन सांगेल.

हे सगळं तू गंगीला सांगितलंस आणि गंगी रवंथ करत होती. तुला बहिणीसमोर मिरवायचं होतं, मला कळत होतं. आणि मला ऐकायचं होतं. आपल्या घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी असलं काही शिकलं होतं. त्या खोलीत म्हणे सगळे चपला काढून जायचे. मशीनला गारवा लागायचा म्हणून खिडकीत थंड हवेची पेटी बसवली होती, आणि म्हातारेकोतारे काम नसताना तिथे येऊन बसायचे. दसऱ्याला तू मशीनला हळदकुंकू वाहिलंस. शालननं झेंडूची माळ घातलान तर तू ओरडलास, पाकळी आत जाईल म्हणून.

"गंगे, समज, तू धा जणांना एका वक्ताला ढकललंस, तर केवढा दणका बसंल?" तू सांगत होतास. "पन एकामागनं एक ढकललंस, डोळा लवायच्या आत, तरी एकामागनं एक, तर दणका लय कमी. तसं सुरुंगाचं. धा भोकं एका टायमाला नाय उडवायची. मशीन सांगतं कुठलं आधी. देवळाकडचं भोक आधी, मग त्याच्या पुढचं, मग त्याच्या पुढचं. म्हंजे हादरा देवळाकडं पाठ करून पळतो."

मी चांदीला विचारलं, "आणि पळतो कुठं गो?"

तू गंगीचं दावं हाताला गुंडाळलंस. मग गंगीला म्हणालास, "मोकळ्या सड्यावर."

मी मागे वळून बघितलं. मागे सडा होता, आमची कलमं होती, आणि माझं घर होतं. मला वाटलं तू त्याच्याही पलीकडचं म्हणतोयस. दुसरं काही मनात आलंच नाही. बहिणीचं घर भाऊ विसरेल असं कुणाच्या मनात येतं?

खाणीजवळची घरं मशीनमध्ये घालायची होती, त्या दिवशी गावकारांना तू खोलीत बसवलंस. देऊळ, शाळा, बुधाजीचं घर, मग एकेक. किती लांब, भिंत कसली, मातीची की चिऱ्याची. बुधाजीनं आपलं नाव हिरव्या अक्षरांत बघून मशीनला हात जोडलान, हे सांगताना तू गंगीच्या गळ्यात पडून हसलास. मीही हसले. आमचं नाव हिरव्या अक्षरात कसं दिसतं, ते विचारायचं मला सुचलं नाही.

सुरुंग सुरू झाले. रोज दुपारी एकला भोंगा, मग पुन्हा भोंगा, मग धडाम. लाल झेंडेवाला आधी घरोघर ओरडत जायचा, आमचं घर सोडून. पण तू आदल्या संध्याकाळी गंगीला सांगायचास, उद्या मोठा हाय, उद्या दोन हायेत, उद्या सुट्टी. त्यामुळे आम्हाला कळायचं. शाळेला सुट्टी असली की मी घरी असायची आणि फळीवरची पितळी भांडी धरून उभी राहायची. ती खडखड वाजायची. कधी तांब्या पडायचा. ह्यांची पाठ भिंतीला असायची तर हे म्हणायचे, घर सरकल्यासारखं वाटतं. आणि खालच्या वाडीतून म्हणे हवा सुटल्याइतकंही जाणवायचं नाही. लोक तुझं कौतुक करायचे. मीसुद्धा करायची, चांदीपाशी, तू ऐकावंस म्हणून.

गेल्या वर्षी चैत्रात तू म्हणालास, "गंगे, उद्याचा सगळ्यात मोठा. जेटीच्या तोंडाला लावायला घराएवढे दगड पायजेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी फळीच खाली आली. भांडी गोळा करताना ह्यांनी तुला शिवी दिली आणि मी ह्यांना गप्प बसवलं. त्याच्या पुढच्या सकाळी मी विहिरीत कळशी सोडली आणि ती खडकावर आपटली.

आमची विहीर कधी आटली नव्हती, दत्तू. वैशाखात अख्ख्या सड्यावर पाखरू दिसत नाही तेव्हासुद्धा तिला कमरेइतकं पाणी असायचं. ती विहीर होती म्हणून आम्ही गावकीला पुरून उरलो होतो. गावच्या विहिरीवर बंदी आहे ना, असू दे, आमची आहे. हे दोर धरून खाली उतरले. जांभ्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो, पाणी तोच धरून ठेवतो. त्याला आडवी भेग गेली होती, हात आत जाईल एवढी. पाणी रात्रीत खाली निघून गेलं होतं. हे वर आले आणि अंगणात बसले. गावकीला जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तुझ्या मशीननं एका दुपारी केलं.

त्या संध्याकाळी तू आलास. पऱ्या कोरडा होता. मी चांदीला आणलंच नव्हतं. पदर खोचून मी खाली उतरले आणि पऱ्याच्या मधोमध, दगडांवर उभी राहिले.

"दत्तू, म्हशीकडे नको, माझ्याकडे बघ. माझं घर मशीनमध्ये घातलंस की नाही?"

तू गंगीच्या कानामागची गोचीड काढत होतास. "गंगे," तू म्हणालास, "मशीनला जेवडं सांगावं तेवडंच कळतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गंगे, नावं घालताना गावकार मागंच बसलेले. एकेक नाव वाचीत व्हते. त्या घराचं नाव दिसलं असतं तर मशीन बंद, खाण बंद, आन आमचं घर पन वाळीत. आमची पोर अजून ल्हान हाय. उद्या तिला सून कोन करंल?"

खरं सांगायचं तर ते मला पटलं. ते काय करू शकतात हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक? मुलीच्या बापानं भ्यावं, त्यात लाज कसली. तू जर तेवढ्यावर थांबला असतास, मी घरी जाऊन रडले असते आणि हळूहळू तुला माफही केलं असतं. पण माझ्या मनात एक गोष्ट आली आणि ती मी बोलले.

"नाव कशाला घालायला पाहिजे होतं? गोठा म्हणून घालायचंस! पऱ्यापलीकडे एक गोठा आहे, चिऱ्याच्या भिंती, कौलांचं छप्पर. बुधाजीला गोठ्याचं काय पडलंय? माझ्याशी बोलायला तुला म्हैस सुचली. माझ्या घराचा गोठा करायला सुचला नाही?"

तुझा हात थांबला. गंगीच्या कानामागेच राहिला. आणि तेव्हा, सगळ्या वर्षांत पहिल्यांदा, तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. तेवढ्या बघण्यात मला कळलं, की ते तुला सुचलंच नव्हतं. विचार करून सोडलं असतंस तर निदान माझा विचार तरी केला असतास. तुझ्या डोळ्यांत नुसतं आश्चर्य होतं. अरेच्चा, हे जमलं असतं की, असं. मशीननं एखादं नवं उत्तर दिलं की तू कसा बघायचास, ते मी बघितलेलं नाही, पण तसंच बघत असणार.

मग तू गंगीला घेऊन गेलास. तीच आपली शेवटची भेट म्हणायची. मी बोलले, तू बघितलंस.

दोन दिवसांनी पऱ्याच्या मधल्या मोठ्या दगडावर पाण्यानं भरलेल्या दोन कळशा दिसल्या. तू त्या काठावर पाठ करून उभा होतास. "गंगे," तू म्हणालास, "म्हशीसाठी पानी ठेवलाय. म्हशीला पानी द्यायला कोन आडवतंय?"

घरात पिण्याचं पाणी तांब्याभर होतं. हे तापानं पडले होते. मी चांदीला खाली आणलं आणि तुझ्या डोळ्यांदेखत दोन्ही कळशा तिला पाजल्या. म्हशीसाठी ठेवलेलं पाणी म्हशीलाच. शेवटचा थेंब तिनं चाटून घेतला, मी कळशा पालथ्या घातल्या आणि चांदीला घेऊन वर आले. तू वळून बघितलंस की नाही ते मला माहीत नाही. मी बघितलं नाही. परत तू पाणी ठेवलं नाहीस. आजही तसंच करीन, दत्तू. ते पाणी तू माझ्या हातात द्यायचं होतंस.

मग आम्ही पाणी कसं आणलं ते तुला गंगीनं सांगितलं नसेल. शाळेतून येताना पावसहून घासलेटचे घासलेले डबे भरून एसटीत. कंडक्टर आधी कटकट करायचा, मग त्याला कीव आली. मास्तरीणबाई पाण्यातून आली, असं मुलं म्हणायची, कारण पातळाचा काठ कायम ओला. ह्यांचे गुडघे गेले. धारेच्या म्हशीला आम्ही आंघोळ घालणं सोडलं. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरलं. पावसाळा संपल्यावर विहिरीत हातभर पाणी राहिलं, तेही दिवाळीपर्यंत भेगेनं गिळलं.

पण एक गोष्ट झाली. त्या भांडणानंतर भांडी वाजेनाशी झाली.

आधी मला वाटलं लहान सुरुंग असतील. मग दसऱ्यानंतर खाण पुन्हा जोरात सुरू झाली, धुरळा तर आमच्या कलमांवर बसायचा, आवाज तोच, भोंगा तोच. सुट्टीच्या दिवशी मी एकच्या सुमाराला फळीवर हात ठेवून उभी राहायची. काही नाही. पितळी ताट नुसतं हळूच गुणगुणायचं, कर्णा गुणगुणला तसं. तेव्हा मला कळलं, की तू आम्हाला मशीनमध्ये घातलंस. गुपचूप, गावकारांच्या पाठीमागे, आता तरी. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आता घातलान? आता काय विहीर जपायची?"

मी तुझे आभार मानले नाहीत. म्हशीकडूनसुद्धा नाही. मी चांदीला तुझ्या वेळेला पऱ्यावर न्यायचं बंद केलं होतं. तू येत होतास. पडवीतून मला दिसायचास. गंगीशी बोलताना तुझं तोंड हलायचं, पण तू काय म्हणत होतास ते एवढ्या लांब ऐकू यायचं नाही. काय म्हणत होतास, दत्तू? हे मला आता कोण सांगणार? शालनला माहीत नसेल, गंगीला बोलता येत नाही. रागानं बसलेल्या माणसाला वाटतं, आपल्याकडे वेळ भरपूर आहे. माझा राग खोटा नव्हता, अजूनही आहे. फक्त तो तुझ्यासमोर करायचा होता.

त्या दिवशी रविवार होता. मी ह्यांचं ताट वाढलं आणि फळीवर हात ठेवून उभी राहिले. एक वाजला. भोंगा नाही. दीड झाला. हे म्हणाले, भात निवतोय, तू काय करतेस तिथे? मी हात काढला नाही. तुझ्या हातून भोंगा कधी चुकला नव्हता, सुट्टी असली तर आधी माहीत असायचं. निदान मी पऱ्यावर जात होते तोवर माहीत असायचं. संध्याकाळी खालच्या वाडीत माणसं जमली, मग पऱ्याच्या त्या अंगाला, जिथे आपला बाप आणि आई जळली, तिथे धूर दिसला. कुणाचा ते सांगायला कोण येणार? मी कडेला जाऊन उभी राहिले आणि माणसं मोजत होते. येऊन बसलेल्यांत तू दिसतोस का, ते बघत होते. तू खांबाला टेकून बसतोस म्हणून आंब्याच्या बुंध्याशी बघितलं. शालनचा आवाज वाऱ्याबरोबर वर आला, तेव्हा कळलं.

गंगी घेऊन कुणी आलं नाही.

तुझ्या जागी आलेला नवा इंजिनिअर आज सकाळी पऱ्या ओलांडून सरळ आमच्या अंगणात आला. विदर्भातला पोरगा, बूट घातलेला, त्याला गावकी-बिवकी काही ठाऊक नाही. तुझ्यानंतर पऱ्या ओलांडून आमच्या दारात आलेला पहिला माणूस. तुझ्यानंतर कसलं म्हणते मी, तू तरी कुठे आला होतास?

"काकू, इथे एक गोठा आहे ना?" त्यानं विचारलं.

मी चांदीचा गोठा दाखवला. तो बघून आला. "हा नाही हो. हा फार लहान आहे. कॉम्प्युटरमध्ये बराच मोठा दाखवलाय. चिऱ्याच्या भिंती, कौलांचं छप्पर." मग तो पावलं टाकत आमच्या घराभोवती फिरला, परत अंगणात आला आणि डोक्याला हात लावला. "अहो, हा गोठा म्हणजे हे घरच! पण राहतात का इथे कुणी?"

"अजून राहतात," मी म्हटलं.

त्याला वाईट वाटलं. चांगला मुलगा आहे. म्हणाला, आधीच्या साहेबांची चूक दिसते, गोठ्याला थोडा जास्त हादरा चालतो, घराला कमी, मी आज जाऊन घर असं करतो, पाच मिनिटांचं काम आहे. मग त्यानं पाणी मागितलं. एसटीतून आणलेल्या डब्यात जेवढं होतं त्यातलं अर्धं फुलपात्र मी त्याला दिलं. चूक नव्हे, असं त्याला सांगणार होते. त्या माणसानं मला उद्देशून एवढ्या वर्षांत एकच शब्द काढला आणि तो म्हणजे हा 'गोठा', असं सांगणार होते. पण परक्याला काय सांगायचं?

"गोठाच राहू दे," मी म्हटलं. "माणसं उद्या जातायत."

रत्नागिरीला भाड्याची खोली घेतली आहे. नळाला सकाळी पाणी येतं. कलमं ह्यांनी मक्त्यानं दिली, चांदीला नेणारा पावसहून आत्ताच येऊन गेला, तिनं जायला त्रास दिला नाही. फळीवरची भांडी मी गोणत्यात बांधली. उद्या दुपारी एकला भोंगा होईल आणि तो पोरगा तुझ्या मशीननं सांगितलं तसं एकामागून एक भोक उडवेल, आणि पऱ्यापलीकडच्या गोठ्याला अगदी जपेल. जपायला आत कुणी नसेल. तू गंगीला सांगितलं होतंस ना, हादरा मोकळ्या सड्यावर पळतो. तेव्हा ते खोटं होतं, दत्तू. उद्यापासून खरं होईल.